घरच्या घरी तिखट काकडी मार्गारिटा: मिरची आधी बाटलीत मुरवा

एकाच पावकिलोतली एक मिरची मिळमिळीत निघते आणि दुसरी डोळ्यांतून पाणी काढते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही सांगायला नको. आमटीत चार-पाच मिरच्या एकत्र पडतात, त्यामुळे निभावून जातं. ग्लासात मात्र दोनच चकत्या ठेचल्या जातात. म्हणून 'मिरचीच्या दोन चकत्या घ्या' असं सांगणाऱ्या कृतीने पहिला ग्लास सपक होतो आणि दुसरा पिववत नाही. इथे दिलेली पद्धत वेगळी आहे. मिरची आधी थोड्या टकीलात मुरवायची, तिचा तिखटपणा चाखून ठरवायचा, आणि मग ग्लासात ती साध्या टकीलाबरोबर मापून घालायची. एकदा ही छोटी बाटली तयार झाली की पुढचा प्रत्येक ग्लास सारखा होतो. कुणाला कमी तिखट हवं, कुणाला जास्त, तेही पाच-दहा मिलीच्या फरकाने सांभाळता येतं.

मूळ मार्गारिटात टकीला, लिंबू आणि संत्र्याची लिक्युअर, म्हणजे गोडसर मद्य, असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॉमीज रेस्टॉरंटमध्ये हुलिओ बर्मेहो यांनी संत्र्याची लिक्युअर काढून त्या जागी आगावेचं, म्हणजे घायपाताचं, सिरप घातलं आणि तो प्रकार 'टॉमीज मार्गारिटा' म्हणून जगभर गेला. आपण त्याच अंगाने जाऊ. काकडी आणि मिरचीच्या हिरव्या चवीवर संत्र्याचा गोडसर वास कुरघोडी करतो. शिवाय एक महागडी बाटली वाचते.

टकीला कोणती

बाटली हातात घेतली की आधी '100% आगावे' हे शब्द शोधा. नुसतं 'टकीला' लिहिलं असेल तर त्यातली किमान 51 टक्के साखर आगावेची असते, उरलेली बहुधा उसाची किंवा मक्याची. अशी टकीला चालत नाही असं नाही, पण काकडीसारख्या सौम्य चवीपुढे तिचा उग्रपणा उघडा पडतो. रंगाने पारदर्शक, म्हणजे ब्लांको प्रकारची घ्या. लाकडी पिंपात किमान दोन महिने ठेवलेल्या रेपोसादोला व्हॅनिला आणि लाकडाचा वास येतो. तो अननस किंवा भाजलेल्या मिरचीबरोबर छान जमतो, काकडीबरोबर नाही. 'गोल्ड' नावाच्या बाटलीतला सोनेरी रंग बऱ्याचदा कॅरॅमलचा असतो, तो पाहून जास्त पैसे मोजू नका. उलट वर्षभराहून जास्त मुरलेली आन्येहो लिंबात घालणं म्हणजे चांगली वस्तू वाया घालवणं.

टकीला हे नाव मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात आणि आणखी चार राज्यांच्या ठरावीक भागांत, निळ्या आगावेपासून केलेल्या दारूलाच लावता येतं. आगावे म्हणजे आपलं घायपात. दख्खनच्या पठारावर शेताच्या बांधाला दिसणाऱ्या घायपातापासूनही आता भारतात दारू होते. डेसमंडजी आणि पिस्तोला ही त्यातली नावं. कायद्याने त्या टकीला नाहीत, तशी चवही थोडी वेगळी, जास्त मातकट लागते. पण या पेयात त्या उत्तम बसतात. गोव्यात सहज मिळाल्या तर बिनदिक्कत वापरा.

महाराष्ट्रात अशा दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे आणि परवाना लागतो. तो दुकानातच एका दिवसासाठीही मिळतो.

मिरची मुरवताना

सगळी गंमत इथेच आहे, म्हणून हे सावकाश करा.

तिखटपणा आणणारं द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र पटकन उतरतं. मिरची बियांमुळे तिखट होते असा समज आहे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त कॅप्सायसिन त्या बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात, त्या शिरेत असतं. बिया झटकल्या आणि शीर तशीच राहिली तर फारसा फरक पडत नाही.

300 मिली ब्लांको टकीला कोरड्या काचेच्या बरणीत घ्या. ही एवढी दहा-बारा ग्लासांना पुरते. मिरच्या धुऊन पूर्ण पुसा, देठ काढा, उभ्या चिरा. प्रमाण असं:

हालापेन्यो, म्हणजे मेक्सिकोची जाडसर हिरवी मिरची, मिळाली तर एक मोठी, साधारण 25 ग्रॅमची, गोल चकत्या करून. तासाभरापासून दोन तासांपर्यंत. बाजारात रोज मिळणारी लांब, बारीक, गडद हिरवी मिरची असेल तर दोन. 30 ते 45 मिनिटं. लवंगी असेल तर एकच, आणि दहाव्या मिनिटालाच चाखा. भजीची जाड, पोपटी मिरची नुसत्या वासासाठी चांगली आहे, पण तिच्याकडून तिखटाची अपेक्षा ठेवू नका. ती हवी असेल तर एका बारीक मिरचीच्या जोडीला अर्धी घाला.

या वेळा अंदाजाच्या आहेत. खरा निर्णय जिभेचा, आणि जिभेला नीट विचारावं लागतं. बरणीतली टकीला थेट चमच्याने चाखली तर दारूचीच जळजळ इतकी असते की मिरची किती उतरली ते कळत नाही. याचं कारण शरीरात आहे: मिरचीची आग आणि दारूची जळजळ दोन्ही टीआरपीव्ही1 या एकाच संवेदकामार्फत जाणवतात. म्हणून 5 मिली मुरलेली टकीला 25 मिली थंड पाण्यात घालून चाखा. हे प्रमाण मुद्दाम ठरवलेलं आहे. तयार ग्लासात सुमारे 150 मिली पेय असतं आणि त्यात मिरचीची टकीला 25 मिली, म्हणजे तिथेही सहा भागांत एक भागच पडतो. घोट घेतल्यावर तीस सेकंद थांबा, कारण तिखट मागून येतं. ग्लासात दारू या पाण्यापेक्षा बरीच जास्त असणार आणि ती तिखटपणा वाढवणार, म्हणून चाखताना 'अजून जरासं हवं होतं' असं वाटलं की त्याच क्षणी गाळून घ्या.

दिलेल्या वेळेनंतरही काहीच उतरलं नसेल तर मिरची फिकी निघाली. वेळ वाढवण्याऐवजी दुसरी मिरची घाला. रात्रभर ठेवलेल्या टकीलात तिखटाबरोबर कच्च्या ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास आणि कडवटपणा उतरतो, आणि तो नंतर कशानेही जात नाही. तिखट जास्त झालं तर मात्र घाबरायचं कारण नाही. तेवढीच साधी टकीला ओता, तिखटपणा निम्मा होतो. बाटलीतलं तिखट सुधारता येतं आणि ग्लासातलं येत नाही, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

गाळताना चहाची बारीक गाळणी वापरा, एकही बी आत राहू देऊ नका. हात साबणाने धुण्याआधी तेलाचं बोट फिरवून चोळा. कॅप्सायसिन तेलात विरघळतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी सरळ हातमोजे घालावेत.

लिंबू, गोडवा, काकडी

मेक्सिकोत ज्याला 'लिमोन मेहिकानो' म्हणतात ते आणि आपलं कागदी लिंबू एकाच जातीचं फळ आहे. आशियातून ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेलं; मिरची उलट दिशेने, पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आली. तेव्हा बिनबियांचं मोठं परदेशी लिंबू शोधत हिंडू नका. पातळ सालीचं, पिवळसर, हाताला जड लागणारं कागदी लिंबू घ्या. रसदार लिंबातून 15 मिलीच्या आसपास रस निघतो, म्हणजे एका ग्लासाला दोन लिंबं हाताशी असू द्या. फ्रीजमधलं लिंबू आधी बाहेर काढून ओट्यावर तळव्याने दाबत फिरवा. पिळणीत शेवटचा थेंब निघेपर्यंत आवळू नका, सालीखालचा पांढरा भाग चेंगरला की रस कडू होतो. रस त्याच दिवशी, शक्यतो दोन-चार तासांत वापरायचा. बाटलीबंद रसाला शिजल्यासारखी चव असते. तो इथे नकोच.

गोडव्यासाठी आगावे सिरप दोन भाग आणि कोमट पाणी एक भाग असं पातळ करून ठेवा. जाड सिरप थेट घातलं तर थंडीने ते शेकरच्या, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्याच्या, तळाशी चिकटून बसतं आणि पेय आंबट होतं. मग माणूस लिंबाला दोष देतो. आगावे नसेल तर 100 ग्रॅम साखर 100 मिली गरम पाण्यात विरघळवून गार करा आणि त्याच मापाने वापरा. चवीत थोडा फरक पडतो, पण अडत काही नाही. गुळाचा पाक करून पाहायचा मोह होईल. चव वाईट लागत नाही, फक्त हिरवं पेय चिखलासारखं दिसतं. मधाचा वास टकीलावर बसतो, तो टाळा.

काकडी कोवळी हवी. देठाकडचा दोन सेंटिमीटर भाग कापून टाका, कडवटपणा बहुधा तिथेच असतो, आणि उरलेल्या काकडीचा तुकडा चाखल्याशिवाय पुढे जाऊ नका. साल पातळ असेल तर ठेवा, रंग तिच्यामुळे येतो. कोथिंबीर घालायची तर पानांऐवजी कोवळ्या काड्या घ्या, त्यांना वास भरपूर असतो आणि गाळणीत अडकणारा चोथा कमी. पुदिनाही चालतो, पण दोन्ही एकदम घालू नका. त्याची चटणी होते.

कडेचं मीठ

मेक्सिकोत मिरची, लिंबू आणि मीठ यांचं ताहीन नावाचं तयार मिश्रण मिळतं. घरी ते सहज होतं: दोन चमचे जाडं मीठ, एक चमचा ब्याडगी मिरचीची पूड, अर्धा चमचा पिठीसाखर आणि पाव चमचा लिंबूसत्त्व. खलबत्त्यात हे भरडच कुटा. मिठाचा जाड कण जिभेवर क्षणभर टिकतो आणि हेच हवं असतं. बारीक आयोडीनयुक्त मीठ तसंच लावलं तर पहिला घोट समुद्राच्या पाण्यासारखा लागतो. लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीची पूडही नको. तिखट पेयात आहेच, कडेला रंग आणि वास हवा.

लिंबाची फोड ग्लासाच्या फक्त बाहेरच्या कडेवरून, तीही अर्ध्याच गोलावर फिरवा. ताटलीत मिश्रण पसरून ग्लास आडवा धरून तेवढा भाग त्यात टेकवा. ग्लास उलटा करून दाबला तर मीठ आतल्या बाजूलाही बसतं, पेयात गळतं आणि अर्ध्या ग्लासानंतर सगळं खारट होतं. अर्धी कड मोकळी ठेवली की मीठ हवं तेव्हा घेता येतं.

एका ग्लासाची कृती

मिरची मुरवलेली टकीला 25 मिली
साधी ब्लांको टकीला 35 मिली
लिंबाचा रस 25 मिली
पातळ केलेलं आगावे सिरप 20 मिली
काकडीच्या चार चकत्या, बोटाच्या निम्म्या जाडीच्या, साधारण 30 ग्रॅम
कोथिंबिरीच्या तीन-चार काड्या
मिठाची छोटी चिमूट
बर्फ भरपूर

घरातला 30-60 मिलीचा पेग मेजर मोठ्या मापांना ठीक आहे. 25 आणि 35 साठी औषधाच्या बाटलीबरोबर येणारं खुणा असलेलं झाकण जास्त भरवशाचं. अंदाजपंचे ओतू नका. लिंबात पाच मिलीचा फरक लगेच कळतो.

बुटका, जड बुडाचा ग्लास कडेला मीठ लावून फ्रीजरमध्ये ठेवा. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली किंवा रुंद तोंडाची बरणी घ्या. काचेची असेल तर ती कपड्यात गुंडाळूनच हलवा.

शेकरच्या तळाशी काकडी, काड्या आणि मीठ घालून लाकडी बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने पाच-सहा वेळा दाबा. काकडी चेपली जाऊन पाणी सुटलं की पुरे. काड्यांचा लगदा करू नका, त्या नुसत्या चेमटल्या पाहिजेत. आता लिंबाचा रस, सिरप आणि दोन्ही टकीला घाला. बर्फ सगळ्यात शेवटी. तो आधी घातला तर माप करेपर्यंत वितळत राहतो.

बर्फाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण घरच्या कॉकटेलची निम्मी दुर्दशा त्यानेच होते. फ्रीजरमधून काढून वाटीत दहा मिनिटं पडलेला, पाण्याने चकाकणारा बर्फ शेकरमध्ये गेला तर पेय थंड होण्याआधीच पाणचट होतं. बर्फ कोरडा असला पाहिजे. बोट लावलं की किंचित चिकटतो, तसा. खडे मोठे असावेत आणि शेकर दोन तृतीयांश भरावा. कंजुशीने चारच खडे टाकले तर ते लवकर वितळतात आणि पाणी उलट जास्त होतं. हे पटायला जड जातं, पण करून पाहा.

झाकण दाबून 12 ते 15 सेकंद जोरात हलवा. स्टील बाहेरून पांढुरकं पडेल, हाताला पकडवणार नाही, तेव्हा झालं. एवढ्यात साधारण 30-35 मिली पाणी पेयात उतरतं आणि ते हवंच असतं. त्याशिवाय लिंबू आणि दारू एकमेकांत मिसळल्यासारखी लागत नाहीत. ग्लासात ताजा बर्फ भरा आणि चहाच्या गाळणीतून ओता. गाळणी तुंबली तर चमच्याने टकटक करा, चोथा दाबू नका. वर काकडीची लांब पातळ पट्टी ठेवा. सजावटीला मिरची खोचायची असेल तर अख्खी, न चिरलेली. चिरलेली मिरची ग्लासात तिखट सोडत राहते आणि सगळा हिशोब चुकवते.

तयार पेयात सुमारे 15-16 टक्के अल्कोहोल असतं, वाइनपेक्षा थोडं जास्त. चव सरबतासारखी लागते म्हणून हे ध्यानात ठेवावं. प्रत्येक ग्लासात एक लार्ज पेग आहे.

चव बसत नसेल तर

पहिला घोट बरोबर होता आणि शेवटी फार तिखट लागलं, असं हमखास होतं. थंडीने तिखटाची जाणीव दबते. ग्लास कोमट होत गेला की ती उसळते. ग्लास आधी गार करणं आणि ताज्या बर्फावर ओतणं यासाठीच. तरीही झेपत नसेल तर पाणी ओतून उपयोग नाही, त्याने चव जाते आणि आग राहते. थोडा लिंबाचा रस, थोडं सिरप आणि साधी टकीला असं तिन्ही घालून पुन्हा हलवा, किंवा पुढच्या ग्लासात मिरचीची टकीला 15 मिलीवर आणून साधी 45 करा.

पेय बेचव, पसरट लागत असेल तर सिरप वाढवण्याआधी मिठाची आणखी चिमूट घालून पाहा. मीठ कडवटपणा दाबतं आणि काकडीची चव वर आणतं. नुसतं आंबट लागलं तर सिरप नीट मिसळलं नसण्याची शक्यता जास्त. कडू लागलं तर क्रमाने काकडी, मग लिंबाची पिळणी, मग मिरची जास्त मुरली का, हे तपासा. रंग काळपट हिरवा झाला असेल तर कोथिंबीर जास्त चेचली गेली.

कडक उन्हाळ्यात हेच पेय उंच ग्लासात घेऊन वर 60 ते 80 मिली गार सोडा ओतला तर जास्त हलकं होतं. सोडा शेकरमध्ये नाही, ग्लासातच. तेव्हा लिंबू 30 मिली करा, नाहीतर सोड्याने चव उतरते. पपनसाचा मोसम असेल तर त्याचा 40 मिली रस आणि सोडा घालून पालोमाच्या (टकीला आणि ग्रेपफ्रूटच्या मेक्सिकन पेयाच्या) अंगाने जाणारं पेय होतं. काकडी मग वगळा.

आठ जणांसाठी

एकेक ग्लास हलवत बसलात तर यजमान पाहुण्यांत बसतच नाही. मोठ्या जगमध्ये मिरचीची टकीला 200 मिली, साधी 280, लिंबाचा रस 200, सिरप 160 आणि काकडीचा रस 120 मिली घ्या. 200 ग्रॅमची काकडी किसून पंच्यातून पिळली की एवढा रस निघतो. त्यात अर्धा चमचा मीठ आणि 200 मिली थंड पाणी घाला. हे पाणी विसरू नका, हलवताना वितळणाऱ्या बर्फाची जागा तेच घेतं. जग तीन तास फ्रीजमध्ये ठेवा, ओतण्याआधी ढवळा, बर्फ फक्त ग्लासांत. लिंबाचा आणि काकडीचा रस त्याच दिवशीचा हवा. टकीला आणि सिरप आदल्या दिवशी एकत्र करून ठेवता येतं. सगळ्यांना सारखं तिखट चालत नसेल, तर जगमध्ये मिरचीची टकीला 120 मिलीच घाला, साधी 360 करा आणि मुरलेली बाटली बाजूला ठेवून ज्याला हवी त्याच्या ग्लासात चमचा-दोन चमचे घाला.

न पिणाऱ्यांसाठी मिरची सिरपमध्ये उतरवावी लागते. साखर-पाण्याला उकळी येताना एक चिरलेली मिरची घाला, गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा, गाळा. 25 मिली लिंबू, 25 मिली हे सिरप, 30 मिली काकडीचा रस, मीठ आणि वर सोडा.

गच्चीवर दुपारी बसणार असाल तर लिंबं पिळल्यावर हात मनगटापर्यंत नीट धुवा. लिंबाच्या सालीतल्या द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी लाल होते, कधी फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे राहतात. डाग उठेपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात, त्यामुळे लिंबाची आठवणही कुणाला राहत नाही.

उरलेली मिरचीची टकीला गाळून घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवली तर टिकते. मिरचीचा ताजा वास मात्र महिनाभरात फिका होतो, तिखटपणा तसाच राहतो. म्हणून जुन्या बाटलीतून ओताल तेव्हा आधी पाण्यात चाखा. बाटलीवर तारीख आणि 'तिखट' असं ठळक लिहून चिकटवा. दिसायला ती साध्या टकीलासारखीच असते आणि कुणीतरी तिचा नुसता शॉट ओतून घेतो.